कृष्णेचा पूर आणि आपण: सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की कृष्णाकाठी जो तो विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदी किती फुटांवर आहे. त्या एका आकड्यावर लोक सामान माडीवर चढवायचं की नाही ते ठरवतात, आणि पुष्कळदा चुकीचंही ठरवतात. सांगलीत नव्यानं राहायला आलेले, शेत नदीला लागून असलेले आणि पूर उतरल्यावर ओल्या भिंतीकडे बघत बसलेले लोक जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे.

आयर्विन पुलाला ४० फूट पाणी म्हणजे माझ्या घरात किती?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी नदीची उंची फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. हे फूट नदीच्या मोजपट्टीचे आहेत, तुमच्या गल्लीतल्या पाण्याचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्त्याचा सखल भाग इथं इशारा पातळीच्या आधीच पाणी येतं. उंचावरच्या कॉलनीत ५० फुटांनाही रस्ता कोरडा असू शकतो. म्हणून "अजून ४५ झालं नाही" या वाक्यावर सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसानं बसून राहू नये.

आता स्वतःच्या दाराची पातळी काढा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला साधारण साडेसत्तावन्न फुटांपर्यंत पाणी गेलं होतं. त्या वेळी तुमच्या खोलीत किती पाणी होतं ते शोधा. बहुतेक भिंतींवर अजून त्याची रेघ दिसते, रंग दिला असेल तर शेजारी सांगतात. समजा जमिनीपासून चार फूट होतं, तर साडेसत्तावन्नातून चार वजा करा. साडेत्रेपन्नच्या आसपास पाणी तुमच्या फरशीला लागतं. हा आकडा चौकटीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवा. पुलापासून लांब असाल तर फूटभर इकडेतिकडे होईल, तेवढी सवड धरा. भाड्यानं घर घेताना मालकाला नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारतो, तसं हेही विचारावं.

आणखी एक. शहरात पाणी नेहमी नदीच्या बाजूनं चालत येत नाही. नदी चढली की शेरीनाला (शहराचं सांडपाणी नदीकडे नेणारा नाला) आणि गटारं उलटी वाहतात, आणि घाटापासून लांबच्या गल्लीत आधी चेंबरमधून पाणी वर येतं. न्हाणीघराच्या मोरीतून बुडबुडे येऊ लागले की मोरीवर वाळूची पिशवी दाबून ठेवा आणि निघायची तयारी करा.

भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या लोकांनी भिलवडी पुलाचा आकडा बघावा, मिरजेच्या कृष्णाघाटाकडच्यांनी तिथला. आयर्विनचा आकडा सगळ्यांना लागू पडत नाही.

सांगलीत ऊन पडलंय, तरी पूर कसा येतो?

कारण पूर आपल्या पावसाचा नसतोच. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयनाही तिथूनच निघते, आणि दोघी कराडला प्रीतिसंगमावर भेटतात. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. म्हणजे महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, चांदोली या घाटमाथ्यावरचा पाऊस शेवटी आपल्या दारातून जातो. २०२१ च्या २२ जुलैला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सांगली शहरात साधारण अख्ख्या वर्षात तेवढा पडतो.

दुसरं कारण जमिनीचं. कराडपर्यंत नदीला उतार आहे. पुढं ती सपाट काळ्या रानातून वळणं घेत चालते आणि वेग मंदावतो. त्यात हरिपूरला वारणा भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला वाट राहत नाही आणि ती मागं फुगते. त्याच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, तिचीही तीच तऱ्हा. पाऊस उघडला, धरणाचे दरवाजे खाली आले, तरी सांगलीत पाणी उतरायला दिवस लागतात ते या फुगवट्यामुळं. पोटमळीतलं, म्हणजे काठच्या सखल रानातलं, पाणी तर मुख्य पात्र उतरल्यावरही तुंबून राहतं.

याला चांगली बाजूही आहे. आपला पूर ढगफुटीसारखा अंगावर येत नाही, चढत चढत येतो. बहुतेक वेळा आपल्याला एक दिवस मिळतो. तो दिवस आपण पाणी बघायला पुलावर जाण्यात घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

"कोयनेतून ५० हजार क्युसेक सोडले." हे समजायचं कसं?

क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी होतं. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे.

बातमीतला एकटा आकडा काही सांगत नाही. कोयना, वारणा, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचा विसर्ग एकत्र धरावा लागतो, आणि त्यात धरणांच्या खाली पडणारा पाऊस मिळवावा लागतो. त्या पावसाला दरवाजा नाही. कोयनेचं पाणी सांगलीला पोचायला साधारण दिवसभराच्या आसपास लागतो, पण नदी आधीच भरून वाहत असेल तर हे गणित बदलतं. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन अशा क्रमानं पातळ्या येतात. वरचा पूल चढतोय की उतरतोय एवढं बघितलं तरी उद्याचा अंदाज येतो. बहे आणि ताकारीला पाणी चढत असेल तर आयर्विनला ते थांबलंय यावर विसंबू नका.

मग धरणं जुलैतच रिकामी का ठेवत नाहीत?

थोडी जागा ठेवतातच. कोणत्या तारखेला किती पाणी असावं याचा आराखडा असतो. पण पुढचे आठ महिने पिण्याचं पाणी, ऊस आणि कोयनेची वीज त्याच साठ्यावर चालते. जागा राखली आणि ऑगस्टनंतर पाऊसच झाला नाही, तर मार्चमध्ये टँकर लागतील.

शिवाय धरण पटकन रिकामं होत नाही. ५० हजार क्युसेकनं दहा टीएमसी जागा करायला दोन दिवसांहून जास्त लागतात, आणि ते पाणीही आपल्याच नदीतून जातं. म्हणून पावसाचा अंदाज हाती आल्याबरोबर, नदी रिकामी असताना, थोडं थोडं सोडत राहणं हाच शहाणा मार्ग. तो प्रत्येक वर्षी वेळेत धरला जातो का, हा प्रश्न लोकांनी विचारत राहावा. मात्र धरण नसतं तर पूर आला नसता, हे खरं नाही. भरत असलेलं धरण पुराचं टोक कापतं. भरलेल्या धरणाला ते जमत नाही.

पूर अलमट्टीमुळं येतो का?

अलमट्टी म्हणजे आपल्या खाली, कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण. सांगलीत या प्रश्नावर दोन सख्ख्या भावांचं एकमत होणार नाही. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलेलं नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणं आणि अडथळे यांवर तिचा भर होता. नदीकाठच्या अनेक अभ्यासू कार्यकर्त्यांना हे पटलेलं नाही. अलमट्टी आणि तिच्या अलीकडचा हिप्परगी बंधारा पावसाळ्यात भरलेले राहिले तर पाणी उतरायला उशीर होतो, असं ते सांगतात. अलमट्टीची पूर्ण पातळी सध्या ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायची कर्नाटकची योजना आहे आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे.

माझं मत असं, की दोन्ही राज्यांनी पावसाळ्यात तासातासाची आकडेवारी एकमेकांना द्यावी आणि ती लोकांपुढंही ठेवावी, ही मागणी कुणीच सोडू नये. पण अलमट्टीचं नाव घेऊन आपण आपल्या नाल्यावरचं बांधकाम, नदीकाठी टाकलेला भराव आणि अरुंद मोऱ्या विसरतो. त्या आपल्या हातातल्या गोष्टी आहेत.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय? प्लॉट घेऊ का?

पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत, नदीकडच्या बाजूला, बांधकामाला मनाई. दोन्ही रेषांच्या मध्ये बंधनं पाळून.

घोळ होतो तो "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ लावताना. २०१९ ला मोठा पूर येऊन गेला म्हणजे आता नातवंडांच्या काळात बघू, असं लोक धरतात. पण २००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं, २०१९ ला साडेसत्तावन्न, आणि दोनच वर्षांनी २०२१ ला पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. रेषेचा खरा अर्थ असा: लाल रेषेवर दर वर्षी शंभरात एक शक्यता, निळ्या रेषेवर शंभरात चार. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या काळात निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते, लाल रेषेवर २६ टक्के. एजंट हे सांगणार नाही. पूररेषेचा नकाशा महापालिकेत किंवा पाटबंधारे कार्यालयात बघा, आणि मग त्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या किराणा दुकानदाराला विचारा की दुकानात माल कितव्या फळीपर्यंत भिजला होता.

घर कधी सोडायचं?

चालत जाता येतं तेव्हा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जण गेले. कृष्णा-येरळेच्या संगमावरचं हे गाव, चारी बाजूंनी पाणी. नावेवर वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच त्या दिवसानं शिकवलं असं मी मानतो. नावेत बसावंच लागलं तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि नाव भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. तान्ही मुलं, गरोदर बायका, डायलिसिसवरचे रुग्ण आणि म्हातारी माणसं सगळ्यांच्या आधी, दिवसाउजेडी हलवा.

"२००५ ला आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं," असं म्हणून थांबलेले पुष्कळ लोक २०१९ ला गच्चीवर अडकले.

आजोबा घर सोडायला तयार नाहीत. काय करायचं?

त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना भीती घराची आणि जनावरांची असते. म्हैस आधी हलवा, आजोबा तिच्या मागं येतात. त्यांची औषधं, चष्मा, काठी आणि देव्हाऱ्यातले देव त्यांच्याच पिशवीत त्यांच्याच हातात द्या.

जनावरांचं काय?

पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या. पुरानंतर हेच रोग डोकं वर काढतात. जनावरं माणसांच्या आदल्या दिवशी हलवा, वैरणीसकट. आणि काहीच जमलं नाही, पाणी गोठ्यात आलं, तर दावं सोडून द्या. म्हैस पोहते. दाव्याला बांधलेली म्हैस मरते. भिजलेला, बुरशी धरलेला कडबा नंतर घालू नका.

पुरात बुडालेला ऊस वाचतो का? आणि बाकीची पिकं?

शेंडा पाण्याच्या वर राहिला आणि पाणी चारसहा दिवसांत उतरलं तर ऊस बऱ्यापैकी तगतो. शेंड्यात गाळ बसला, पोंगा (शेंड्याचा कोवळा गाभा) कुजला की वाढ खुंटते, कांड्यांवरचे डोळे फुटतात, पांगशा (बाजूचे फुटवे) येतात आणि वजन घटतं. तसा ऊस पुढं लांबवू नये. कारखान्याच्या गट ऑफिसला लगेच नोंद द्या आणि लवकर तोड मागा.

सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला पाण्यात राहिला की संपला. हळदीला कंदकूज लागते. वरून पानं हिरवी दिसतात म्हणून फसू नका, एक गड्डा उकरून हातात दाबून बघा, मऊ लागला आणि वास आला तर कूज आत गेली आहे. द्राक्षबागेत पाणी साठलं तर पांढरी मुळी गुदमरते, आणि त्याचा फटका ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड कमी निघाल्यावर कळतो.

सगळ्यात आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती मशागतीइतकी सुकेपर्यंत, रानात ट्रॅक्टर घालू नका, नाहीतर काळी माती दाबून विटेसारखी होईल.

पुराच्या गाळानं जमीन सुपीक होते ना?

पूर्वीपासून मळीच्या रानाची कीर्ती त्याच गाळावर आहे, ते खोटं नाही. पण सगळा गाळ सारखा नसतो. काठाला वेग असतो तिथं नदी वरची माती खरवडून नेते, कड ढासळते, सातबाऱ्यावरचे गुंठे तसेच राहतात आणि रान कमी होतं. काही ठिकाणी वाळू पसरते. शहराखालच्या रानात सांडपाणी, प्लास्टिक, काचा येऊन बसतात.

आणि एक नुकसान हळू होतं म्हणून दिसत नाही. वाळवा, मिरज, पलूस भागात वर्षानुवर्षं पाटपाण्यानं क्षारपड झालेली रानं आहेत. तिथं पुराचं पाणी तुंबलं आणि निचरा नसला तर जमिनीतली पाणीपातळी वर येते, ऊन पडल्यावर क्षार पृष्ठभागावर पांढरे उमटतात. पुरानंतर माती परीक्षण करून घ्या. ताग किंवा धैंचा पेरून गाडा. खर्चीक असलं तरी गटानं मिळून चर निचरा योजना केलीत तर ते रान वाचतं.

हरिपूरच्या पेवांचं काय झालं?

हळद साठवायला हरिपुरात जमिनीत खोल खणलेली पेवं होती. तोंड लहान, पोट मोठं, आत पाल्याचा थर आणि वरून माती लिंपलेली. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. सांगलीच्या हळदबाजाराचं ते भांडार होतं. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद सडली आणि बहुतेक पेवं ढासळली. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पुराच्या पंचनाम्यात घर येतं, पीक येतं, पण पेव खणणाऱ्या आणि भरणाऱ्या हातांचं कसब कुठल्या रकान्यात येत नाही.

पाणी उतरल्यावर घरात पाऊल कसं टाकायचं?

पहिल्यांदा वीज. मीटर, बोर्ड भिजले असतील तर मेन स्विचला ओल्या हातानं हात लावू नका. वायरमननं तपासल्याशिवाय काही चालू करायचं नाही, फ्रिज आणि मोटारही नाही. दुचाकी किंवा चारचाकी बुडाली असेल तर स्टार्टर मारू नका, इंजिन जातं.

काठीनं आपटत आत जा. नाग, घोणस, मण्यार कोरडी जागा शोधत माळ्यावर, गादीखाली, चपलांत बसलेले असतात. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, सरळ सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात. कृष्णेत मगरीही आहेत. पुरात त्या ओढ्यानाल्यांत येतात, तेव्हा मुलांना साठलेल्या पाण्यात उतरू देऊ नका.

गाळ धुवायची वेळ पाणी उतरत असतानाच असते. पाणी घोट्याएवढं राहिलं की खराट्यानं ढवळून त्याच पाण्याबरोबर गाळ उंबऱ्याबाहेर लोटत न्या. एकदा पाणी निघून गेलं आणि दोन उन्हं पडली की तोच गाळ फरशीवर सिमेंटसारखा धरतो, आणि मग धुवायला नळालाही पाणी नसतं, कारण नदीतून पाणी उपसायची जॅकवेल बुडालेली असते.

प्यायच्या पाण्याचं आणि आजारांचं?

उकळून गार केलेलं पाणी किंवा आरोग्य सेविकेनं दिलेलं क्लोरीनचं औषध टाकून अर्ध्या तासानं. विहीर उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकल्याखेरीज ते पाणी पिऊ नये. पायाला जखम असेल तर गाळात उतरताना गमबूट घाला. पुराच्या पाण्यातून वावरल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस वेळेत कळला तर बरा होतो.

रात्री पावसाचा आवाज आला की मूल दचकून उठतं, हाही पुराचाच आजार आहे. त्याला हसू नका. शाळेत शिक्षकांना सांगून ठेवा.

पंचनाम्यात काय बघायचं? भाडेकरूला काही मिळतं का?

साफसफाईच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, मेलेलं जनावर, रानाची बांधासकट चारी बाजू. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा स्वतः हजर राहा आणि पंचनाम्यात काय लिहिलं ते वाचूनच सही करा. वाटेकऱ्यानं कसलेल्या रानाची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावानं जाते, म्हणून मालकाशी आधीच बोलून ठेवा. भाडेकरूनं भाडेकरार, वीजबिल किंवा रेशनकार्ड असा राहत असल्याचा पुरावा दाखवून सामानाच्या नुकसानीची नोंद आपल्या नावानं करायला सांगावी. पथारीवाले आणि हातगाडीवाले यांची नोंद सुटते. त्यांनी एकत्र जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

मदतीच्या रकमा आणि पीकविम्याचे निकष दर हंगामी बदलतात, त्यामुळं मागच्या पुराचे दर धरून बसू नका.

पुराचं पाणी जत-आटपाडीला का नेत नाहीत?

नेतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप पुराच्या काळात चालवून पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले तलाव भरले जातात आणि ते झालंच पाहिजे. पण नदीतून लाखावर क्युसेक वाहत असताना पंप उचलतात ते त्याच्या तुलनेत थोडं. तलाव भरतात, पूर उतरत नाही.

आम्ही पाटणच्या डोंगरात राहतो. आम्हाला पुराचं काय?

तोच पाऊस तुमच्याकडं दरड होऊन येतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गाडली गेली. घरामागच्या उतारावर नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, दारं-खिडक्या अडकू लागणं यातलं एकही दिसलं आणि पाऊस चालू असेल, तर त्या रात्री तिथं झोपू नका.

रात्री मदत लागली तर?

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८. फोनची बॅटरी जपा. घर क्रमांकाऐवजी जवळची ठळक खूण सांगा, किती माणसं आहेत, त्यात आजारी किती, आणि पाणी कमरेच्या वर आहे की खाली, एवढं आधी सांगा.